पावण्यांच्या पानातल्या डिंगऱ्या

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या औरंगाबादेत माणसं दोनच गोष्टी विचारतात, रस्सा किती झणझणीत होता आणि चपला आणल्या का. मी रस्सा चाखला नाही आणि चपलाही आणल्या नाहीत. मी तिथे जे खाल्लं ते कुठल्याही खाणावळीच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. पण ते सांगायचं तर आधी मुळ्याबद्दल सांगायला हवं, आणि मुळ्याच्याही आधी शैलजाबद्दल. तिच्याबद्दल मला सरळ मनानं बोलता येत नाही हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. तिचं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. कॉलेजात होतो तेव्हापासून दुखतंय.

आम्ही दोघी पुण्यात एकाच सरांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकलो. पहिली मी यायचे, दुसरी ती. तरी सर वर्गात नाव घ्यायचे ते तिचं. पुढे तिनं कोल्हापुरातल्या गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरात लग्न केलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. एवढी हुशार मुलगी, आणि आता भाकऱ्या थापत बसणार. माझी हळहळ जरा जास्तच मोठ्यानं होती, कारण आतून मला हायसं वाटलं होतं. मला औरंगाबादला नोकरी मिळाली, प्रयोगशाळा मिळाली, लखलखीत फरशी, डोक्यावर पंखे, दाराला कुलूप. तिला मिळालं एक साधं कॉलेज आणि सासरची गच्ची. असं सगळं माझ्या बाजूनं छान चाललेलं असताना नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका जानेवारीत सरांचा फोन आला. म्हणे, नीला, तुला जे जमलं नाही ते शैलजाला गच्चीवर जमलंय.

काय जमलं होतं ते सांगते, अवघड नाही. मुळ्याच्या झाडाला स्वतःचे पराग चालत नाहीत. फूल एकच, त्यात नर भागही आहे आणि मादी भागही, तरी दुसऱ्या झाडाचा परागकण येईपर्यंत बी म्हणून धरायचं नाही. आपला आणि परका हे झाड ओळखतं कसं, हा आमचा प्रश्न. परागकणाच्या अंगावर तेलकट पदार्थांचा अगदी पातळ लेप असतो. मधमाशीच्या अंगावरून कण येतो तेव्हा तो कोरडा ठणठणीत असतो. फुलाच्या मधल्या टोकाला आम्ही कुक्षी म्हणतो. तिनं पाणी दिलं तर कण फुगतो, रुजतो, आत शिरतो. हा तेलाचा लेप कुक्षीच्या मेणचट कातडीला बिलगतो आणि त्याच्यातूनच पाणी कणाकडे जातं. आणि कण कुठल्या झाडाचा, याची खूणही त्याच लेपात असते. आपल्याच घरचा निघाला, की कुक्षी पाणी बंद करते. दारात आलेल्याला ओळखायचं आणि आपला आहे म्हणून त्याला तहानलेला ठेवायचं, असा सगळा कारभार.

मी काय करायचे, तर परागकणांवरचा हा लेप द्रावकानं धुऊन काढायचे. म्हटलं खूण गेली, आता तरी कुक्षी फसेल. पण लेपाबरोबर पाणी घ्यायची सोयही जायची. कण कोरडेच मरायचे. प्रत्येक हंगामात हेच. शेवटी मी सरांना कळवून टाकलं होतं, की लेप काढला की कण कामातून गेला, या वाटेनं खुणेबद्दल काही कळायचं नाही. विषय संपला. आणि आता शैलजा म्हणत होती की तिनं लेप धुतलेले कण त्याच झाडाच्या फुलांवर ठेवले आणि चक्क शेंगा धरल्या.

मी फोनवर म्हटलं, सर, शेंगांचं काय सांगता, मुळ्याची शेंग पोकळही फुगते.

"म्हणूनच तू जा," सर म्हणाले. "शेंगा तुझ्यासमोरच उघडायच्या असं तिनंच सांगितलंय. आत दाणे आहेत असं तू म्हणालीस तर तिचं छापायला देतो. नाही म्हणालीस तर तुझं. आठवडाभरात पाठवायचंय मला."

आता बघा, न्याय करायला कोणाला बसवलं. मी रात्रीची एसटी पकडली. बसमध्ये डुलक्या घेताना मला सारख्या पोकळ शेंगा दिसत होत्या, आणि फार गोड दिसत होत्या.

शाहूपुरी

शाहूपुरीत सकाळी रिक्षातून उतरले तर सगळ्या गल्लीला गुळाचा वास. खाली दुकान, पुढे ढेपा उतरवायला लागलेला ट्रक, आणि मधूनच वर जाणारा दगडी जिना. शैलजा धावतच खाली आली. माझे निम्मे केस पांढरे झाले होते, तिचा एक पिकला नव्हता. मी मनात म्हटलं, झाली सुरुवात.

तिच्या सासूबाईंना सगळं घर अव्वा म्हणतं. हे लिंगायत घर, सीमेकडचं, निम्मं बोलणं कानडीत. अव्वांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाल्या, "या की, पावणं. आदी आंघुळ, मग च्या." आमच्याकडे पाहुणा आला की पहिला चहा, मग बाकीचं. इथे लहानथोर सगळे आंघोळ करतात, गळ्यातल्या लिंगाची पूजा करतात, मगच तोंडात काही घालतात. घरात माणसं भरपूर, त्यामुळे गच्चीच्या कोपऱ्यातल्या न्हाणीतला तांब्याचा बंब पहाटे जो पेटतो तो उन्हं वर येईपर्यंत विझत नाही. मी न्हाणीत पाऊल टाकलं आणि माझ्या चष्म्यावर धुकंच धुकं. टॉवेल ओला, भिंती ओल्या, साबणाची वडी विरघळलेली. चाचपडत तांब्या शोधला आणि औरंगाबादच्या माझ्या कोरड्या खडखडीत बाथरूमची आठवण काढली. अव्वांनी मात्र बाहेरून तीनतीनदा विचारलं, पाणी पुरतंय का, अजून हवं का. माझ्या सासूबाईंनी माझ्या आंघोळीची अशी चौकशी कधी केलेली नाही.

न्हाणीच्या खिडकीखालीच, वाऱ्याच्या आडोशाला, जाळीच्या आत शैलजाच्या कुंड्या होत्या. मुळ्याची झाडं फुलावर आलेली, पांढरी, कडेला जांभळट झाक असलेली फुलं. देठांना दोरे बांधलेले. पांढरा दोरा म्हणजे दुसऱ्या झाडाचे पराग, त्याला शेंगाच शेंगा, जुन्या होऊन कडक झालेल्या. पिवळा दोरा म्हणजे स्वतःचेच पराग, न धुतलेले, तिथे एकही शेंग नाही, नुसते वाळके देठ. आणि लाल दोरा म्हणजे स्वतःचेच, पण लेप धुतलेले. लाल दोऱ्यांना कोवळ्या, टोकदार, हिरव्यागार शेंगा लोंबत होत्या. मी बोटानं एक दाबून पाहिली. काही कळलं नाही. कळू नये अशीच माझी इच्छा होती.

शैलजा म्हणाली, दाणे असतील तर अजून दुधावर असतील, दोन दिवस थांबू आणि परवा तुझ्याच हातानं उघडू. मी म्हटलं, थांबू की, मला कुठे घाई आहे. तिचं टेबल पाहिलं. जुना सूक्ष्मदर्शक, त्याच्या पायाखाली लाकडाची पाचर, शेजारी गुळाच्या ढेपेचा नमुना आणि त्याला लागलेल्या मुंग्या. माझ्या प्रयोगशाळेत मुंगी दिसली तर मी शिपायाला फाडून खाते. आणि या असल्या टेबलावर हिला ते जमलं. मला चहा गोड लागेना, आणि कोल्हापुरात चहा गोड न लागणं म्हणजे बघा.

हातकणंगल्याकडे

दुसऱ्या दिवशी शैलजाचे यजमान, बसवराज, आम्हाला जीपमधून हातकणंगल्याच्या बाजूला त्यांच्या चुलतभावाच्या गुऱ्हाळावर घेऊन गेले. खरं तर मला कुठे जायचं नव्हतं, पण इथे पाहुण्याला नाही म्हणायची सोय नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, पाण्यानं तट्ट भरलेले पाट, काळी ओली माती. आमच्याकडे जानेवारीत जमिनीला भेगा पडायला लागतात. इथे शेतसुद्धा खाऊनपिऊन सुखी.

गुऱ्हाळावर भली मोठी काहील रटरटत होती आणि पिवळा फेस कडेपर्यंत चढत होता. जो माणूस पाकाची पारख करतो त्याला गुळव्या म्हणतात. त्यानं पळसाच्या पानावर गरम काकवी ओतून माझ्या हातात दिली. शैलजा त्याच्याशी इतकं झकास बोलत होती, व्हय म्हणत होती, न्हाय म्हणत होती, की ही पुण्यात माझ्या शेजारच्या बाकावर बसायची यावर माझा विश्वास बसेना. सगळे तिला वैनी वैनी करत होते. एक म्हातारी तिच्या डोक्यावर हात फिरवून गेली. मी तिकडेच बघत राहिले आणि पान तोंडाला लावलं.

जीभ अशी भाजली की डोळ्यांतून पाणी आलं.

"पावणं, फुकून खावा की," गुळव्या म्हणाला, आणि सगळे मनापासून हसले. कोल्हापूरकर तुम्हाला जीव लावतात, पण हसायचं असलं तर तोंड लपवत नाहीत.

परत येताना जीपमध्ये शैलजा हळूच म्हणाली की इथे सगळं आहे, पण परागाच्या लेपाबद्दल बोलावं असं माणूस नाही. कॉलेजात तिला कोणी विचारत नाही, घरात सगळे कौतुक करतात पण कशाचं ते कोणाला कळत नाही. काही नवीन दिसलं की पहिली तुझी आठवण येते, म्हणाली. मला भरून आलं आणि रागही आला. आठवण येते तर शेंगा धरल्या तेव्हा आधी सरांना कशाला कळवलंस, मला कळवायचं. पण भाजलेल्या जिभेनं भांडता येत नाही, म्हणून गप्प बसले.

जेवणाचं पान

घरी पोचलो तेव्हा पानं वाढायला घेतलेलीच होती. कडक ज्वारीची भाकरी, झुणका, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, ताक. सगळ्यांच्या ताटात सारखं, फक्त माझ्या ताटात एक छोटी वाटी जास्त होती, तिच्यात ओलं खोबरं घातलेली कसली तरी हिरवी भाजी. अव्वा माझ्यासमोर पाटावर बसून राहिल्या. त्या बसल्या की खाल्ल्याशिवाय सुटका नाही हे मला पहिल्याच दिवशी समजलं होतं.

जीभ मेल्यासारखी झालेली. तिखट, मीठ, काही कळत नव्हतं. दात मात्र शाबूत होते, त्यामुळे भाजी मला कळली ती दातांनी. कोवळी साल आधी चिरडायची, मग आत टप्पोरे दाणे, एकेक दाणा फुटलेला स्पष्ट कळायचा. एक घास, दुसरा, तिसरा. मला आवडली. भाकरीनं वाटी पुसून खाल्ली. आणि वाटीच्या तळाला खोबऱ्यात गुंतलेला एक तुकडा बोटाला लागला. लाल दोरा.

मी शैलजाकडे पाहिलं. ती माझ्या बोटाकडे बघत होती.

"अव्वा, या डिंगऱ्या कुठल्या?" तिनं विचारलं.

मुळ्याच्या शेंगांना डिंगऱ्या म्हणतात आणि त्यांची भाजी करतात, हे मी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक असून क्षणभर विसरले होते. अव्वा कौतुकानं सांगायला लागल्या. म्हणाल्या, "तुझ्याच झाडाच्या की. झाडाचं पयलं फळ घरच्यानी खायाचं नसतंय, पावण्यांच्या पानात पडाय पायजे. तू म्हयनाभर कुणाला हात लावू दिला न्हाईस, मला काय कळत न्हाय व्हय? पावणं यायचं म्हणूनच राखलं हुतंस." पांढऱ्या दोऱ्याच्या शेंगा निबर झाल्या होत्या, म्हणून त्यांनी पाहुण्यांसाठी निवडून निवडून लाल दोऱ्याच्या कोवळ्या घेतल्या होत्या. सगळ्या. बांधलेला दोरा तोडून टाकायचा नसतो म्हणून एकेक सोडवून तुळशीपाशी ठेवला होता. तेवढा एक नजर चुकवून वाटीत आला.

घरातल्या दुसऱ्या कोणी त्यातली एक शेंगही चाखली नव्हती. पहिलं फळ, सगळंच्या सगळं पाहुणीला. शैलजा उठून गच्चीवर गेली आणि खाली आली. चेहरा पांढरा पडला होता. पण तिनं अव्वांना बोल लावला नाही, उलट म्हणाली की बरं केलंत, भाजी छान झाली का नीलाला विचारा. माझ्या घरी हे झालं असतं तर सासू-सुनेत महाभारत होऊन भांडी रस्त्यावर गेली असती. इथे तेही नाही. म्हणजे चिडण्यातसुद्धा ही माझ्यापेक्षा पुढे.

माझं काय झालं ते खरं सांगते. पहिल्यांदा जो झाला तो आनंद. पुरावा गेला होता आणि मी बोटही न उचलता, म्हणजे उचलून, पण निष्पापपणे गेला होता. नवीन शेंगा धरून पिकायला दीडदोन महिने लागणार, सरांना आठवड्यात पाठवायचं. मी एवढंच म्हणायचं, की सर, मी एकही शेंग उघडलेली पाहिली नाही. आणि हे शंभर टक्के खरं होतं. छापून यायचं ते माझं. अडचण एकच होती, माझ्या दाढेत अजून एक दाणा अडकलेला होता.

रंकाळ्यावर

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. पाणी शांत, काठावर भेळवाल्यांच्या गाड्या, कट्ट्यावर माणसं हवा खात बसलेली. कोल्हापूरकर रिकामा बसला तरी ऐटीत बसतो, आमच्याकडे माणूस रिकामा दिसला तर आजारी आहे का विचारतात. शैलजानं भेळ घेतली, माझ्या पुड्यात तिखट घालू नका म्हणून सांगितलं. माझ्या जिभेची तिला आठवण होती.

मी वाट बघत होते की ती विचारेल. दाणे होते का, एवढं तर कोणीही विचारेल. ती मुलांच्या शाळेबद्दल बोलली, कॉलेजातल्या राजकारणाबद्दल बोलली, पाण्यावर आलेल्या बदकांबद्दल बोलली. शेवटी मलाच राहवेना.

"तू मला विचारत का नाहीस?"

"विचारलं तर तू हो म्हणशील," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून. मग ते तुझं म्हणणं राहणार नाही, मैत्रीचं होईल. मला ते नको."

ऐकलंत? मी दुपारपासून हिला बुडवायचा विचार करत होते आणि ही धरून चालली होती की मी हिच्यासाठी खोटं बोलेन. इतका राग मला कोणाचा आला नसेल. एखाद्याविषयी वाईट विचार करणं आपल्या हक्काचं असतं, आणि समोरच्यानं असा भरवसा टाकला की ते सुखसुद्धा नासतं. भेळ अर्धी टाकून मी उठले आणि म्हटलं, चल, थंडी वाजतेय.

बंब

तिसऱ्या दिवशी, जायच्या दिवशी, पुन्हा न्हाणी. पुन्हा वाफ. मी शहाणपणानं चष्मा काढून खिडकीत ठेवला. आंघोळ झाल्यावर घ्यायला गेले तर त्याच्या काचांवरून थेंब ओघळत होते, आणि खिडकीतून वाफेचा लोट संथपणे बाहेर जात होता. बाहेर म्हणजे कुठे, म्हणून मी वाकून पाहिलं. खाली जाळी होती. जाळीत शैलजा होती. हातात बारीक चिमटा घेऊन ती फुलांवर पराग ठेवत होती, आणि तिच्या केसांवर, पानांवर, त्या उघड्या फुलांवर वाफ उतरत होती.

मी ओल्या अंगानं तशीच उभी राहिले.

फुलं सकाळी उमलतात, त्यामुळे काम सकाळीच करायचं. आणि या घरात पूजेआधी आंघोळ असल्यामुळे सकाळभर बंब पेटलेला. माझे धुतलेले कण मरायचे ते तहानेनं. लेप नाही म्हणून कुक्षीकडून पाणी मिळत नव्हतं, आणि माझ्या लखलखीत प्रयोगशाळेत पंख्याखालच्या कोरड्या हवेत दुसरं पाणी कुठून मिळणार? इथे कणांना हवाच पाणी पाजत होती. आणि पाणी मिळालं, की मग लेपाबरोबर खूणही गेलेली असल्यामुळे कुक्षीला त्यांना अडवायला कारण उरत नव्हतं. नुसत्या वाफेनं होत असतं तर पिवळ्या दोऱ्याच्याही शेंगा धरल्या असत्या. तिथे एकही नव्हती. म्हणजे लेपाची कामं दोन, पाणी पोचवणं आणि ओळख सांगणं. माझ्या अपयशानं पहिलं काम सिद्ध होत होतं, तिच्या शेंगांनी दुसरं. एकटीचं एकटं काहीच पुरं पडत नव्हतं.

मला जे वाटलं त्याला मत्सर हा शब्दही थिटा आहे. मला एका न्हाणीघराचा हेवा वाटला. एका तांब्याच्या बंबाचा. मी हंगामामागून हंगाम फरशी पुसून घेतली आणि जे हवं होतं ते या लोकांच्या आंघोळीच्या पाण्यात होतं.

बूथ

एसटी दुपारची होती. स्टँडजवळच्या एसटीडी बूथमध्ये आम्ही दोघी काचेच्या खोक्यात दाटीवाटीनं शिरलो, कारण निकाल दोघींच्या समोर कळवायचा असं ठरलेलं. अव्वांनी दिलेली भाकरी-चटणीची शिदोरी माझ्या काखेत. शैलजा माझ्याकडे बघत नव्हती. तिनं तेव्हाही विचारलं नव्हतं. तिनं एकदा विचारलं असतं ना, तर देवाशपथ सांगते, मी काय बोलले असते ते मला माहीत नाही.

पलीकडून सरांचा आवाज आला. "शेंगा उघडल्या? दाणे पाहिलेस?"

"पाहिले नाहीत सर," मी म्हटलं. शैलजानं डोळे मिटून घेतले. "खाल्ले."

मग सगळं सांगितलं. अव्वा, वाटी, दोरा. जीभ भाजली होती त्यामुळे चवीबद्दल विचारू नका, पण एकही शेंग पोकळ नव्हती, प्रत्येकीत दाणा होता, भरलेला होता आणि दाताखाली फुटत होता. हे मी कुणाच्या मैत्रीखातर सांगत नाहीये, तिचं खरं असू नये अशी माझी फार इच्छा होती, हेही सांगितलं. शेजारी शैलजा उभी आहे हे माहीत असून सांगितलं.  

"तसं असेल तर तुझे का मेले?" त्यांनी विचारलं.

मग मी बंब सांगितला. वाफ, खिडकी, माझे पंखे, पिवळे दोरे. बोलता बोलता मीच जोरात बोलायला लागले, बाहेरचा बूथवाला डोकावून पाहायला लागला. सरांनी माझं बोलणं एकदाही तोडलं नाही. दोघींचं एकत्र छापू, म्हणाले, लेखावर दोघींची नावं. आणि मग विचारलं, "हे वाफेचं कुणाला सुचलं?"

"मला."

"वा, नीला," सर म्हणाले. "शैलजाच्या नाकासमोर होतं, तिलाही दिसलं नाही. वा."

कॉलेजात पहिली आले तेव्हाही हे ऐकायला मिळालं नव्हतं. आवाज मोठा होता आणि खोका लहान, त्यामुळे शैलजालाही ते ऐकू गेलं. मी फोन ठेवून वळले. वाटलं, आता ही गळ्यात पडेल, डोळे पुसेल. तिनं माझा हात घट्ट धरला, आभारही मानले, तेही अगदी खरेपणानं. पण मग तिचे ओठ आवळले गेले, मान जरा वळली, आणि ती पुटपुटली, "मी रोज त्याच न्हाणीत आंघोळ करते."

त्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कोणी सांगायला नको. ते मी अंधारातही ओळखलं असतं, माझ्याच घरचं होतं ते. इतकी वर्षं मला वाटायचं की हे दुखणं फक्त मला आहे, आणि ती तिकडे शांत, समाधानी, काळ्याभोर केसांची. तिला माझा हेवा वाटत होता. शैलजाला, माझा.

एसटी फलाटावर लागली. दुपारचं ऊन होतं, तिचे ओठ सुकलेले दिसत होते. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली. ती नको म्हणाली. मी तशीच धरून उभी राहिले. शेवटी तिनं घेतली, शेवटच्या थेंबापर्यंत संपवली आणि रिकामी माझ्या हातात दिली. अव्वांची चटणी जहाल होती आणि औरंगाबादपर्यंत मी तहानलेलीच आले, पण इतकी खूश होऊन मी आजवर कुठल्याच प्रवासातून परत आलेली नाही.